वर्धापनदिनाची आंतरराष्ट्रीय क्लब टेनिस स्पर्धा भरवायची आहे? आधी कोर्टाचे तास मोजा

क्लबला पन्नास किंवा पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार असली, की समितीच्या पहिल्या बैठकीत बोधचिन्हावर चर्चा होते, प्रमुख पाहुणे कोण यावर होते, स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर तर हमखास होते. 'बाहेरच्या देशांतले क्लब बोलवू या' हा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. आपली कोर्ट किती आणि त्यांवर चार दिवसांत सामने किती बसतात, हा प्रश्न साधारण चौथ्या बैठकीत कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं. तोवर निमंत्रणं गेलेली असतात.

अशा स्पर्धांना मी खेळाडू म्हणून गेलो आहे आणि दोनदा आयोजकांच्या टेबलामागेही बसलो आहे. दोन्हीकडून बघितल्यावर एक गोष्ट पक्की झाली. परदेशातला क्लब खेळाडू विमानाचं भाडं भरून, रजा टाकून येतो तो खेळायला. पहिल्याच सकाळी ४-६, ३-६ असा हरून उरलेले तीन दिवस प्लास्टिकच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवायला नव्हे. त्यामुळे खाली जे काही लिहिलं आहे, त्याचा रोख एकच आहे: आलेल्या प्रत्येकाला रोज खेळायला मिळालं पाहिजे. समारंभ त्यानंतर.

पायरी १: नक्की कसली वर्षं मोजताय, ते ठरवा

हसू नका. क्लबची स्थापना कधी झाली याची किमान तीन उत्तरं असतात: संस्थापक पहिल्यांदा जमले ते साल, संस्थेची अधिकृत नोंदणी झाली ते साल आणि पहिलं कोर्ट खेळण्याजोगं झालं ते साल. जुनी इतिवृत्तं काढा, तारखेचा कागद शोधा आणि एकच साल धरा. नाहीतर उद्घाटनाच्या भाषणात माजी अध्यक्ष उठून विद्यमान अध्यक्षांची दुरुस्ती करतात.

दुसरा घोळ 'पन्नासावं वर्ष', 'पन्नास वर्षं पूर्ण' आणि 'पन्नासावी स्पर्धा' यांचा. या तिन्ही गोष्टी वेगळ्या. विम्बल्डनचंच उदाहरण घ्या. पहिली स्पर्धा १८७७ साली झाली, तिला २२ पुरुषांनी नावं दिली होती. शताब्दी साजरी झाली १९७७ मध्ये. जुन्या विजेत्यांना सेंटर कोर्टवर बोलावून पदकं दिली गेली. पण शंभरावी स्पर्धा झाली ती १९८६ मध्ये, कारण दोन महायुद्धांमध्ये मिळून दहा वर्षं खेळ झालाच नाही. तुमच्या स्पर्धेतही वर्षं गळलेली असतील. २०२० तर बहुतेकांचं गळलं आहे. बॅनर छापायला टाकण्याआधी बोटांवर मोजून घ्या.

पायरी २: कोर्टाचे तास

हा सगळ्या आयोजनाचा पाया आहे, म्हणून इथे जरा थांबू.

समजा, कोर्ट सहा आणि दिवस चार. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा असे दहा तास दिसतात, पण त्यातून दुपारची सुटी, कोर्टाला पाणी मारणं, झाडणं, उशिरा येणारे खेळाडू हे वजा करा. हातात खरे आठ तास उरतात. सहा कोर्ट गुणिले आठ तास म्हणजे दिवसाला ४८ कोर्ट-तास, चार दिवसांचे १९२.

आता एका सामन्याला किती वेळ? दोन सेट आणि बरोबरी झाल्यास तिसऱ्या सेटऐवजी १० गुणांचा मॅच टायब्रेक, म्हणजे छोटी निर्णायक फेरी, हा प्रकार क्लब स्पर्धेला सर्वांत सोयीचा. वॉर्म-अप, कोर्टावर येणं-जाणं धरून त्याला दीड तास द्या. काही सामने पन्नास मिनिटांत आटोपतील, काही दोन तासांवर जातील. १९२ भागिले दीड म्हणजे १२८ सामने. यातले पाव पावसासाठी, दुखापतींसाठी आणि समारंभासाठी आधीच बाजूला काढा. उरले ९६. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समितीच्या खोलीत चिकटवा. यापुढची प्रत्येक हौस या ९६ मधून वजा होणार आहे.

तिसरा पूर्ण सेट खेळवायचाच, असा आग्रह धरणारा एक जुना सदस्य प्रत्येक समितीत असतो. त्याला अंतिम लढतीपुरता होकार द्या. सगळ्या सामन्यांना दोन तासांची खाच, म्हणजे ठरावीक वेळ, धरली तर १२८ चे ९६ आणि ९६ चे ७२ होतात, एवढं त्याच्यासमोर गणित मांडलं की तोही मवाळ होतो.

प्रकाशझोत असतील तर तास वाढतात, पण उजेड मोजून घ्या. क्लब पातळीच्या सामन्यांना मोकळ्या मैदानात साधारण ३०० लक्स पुरतात. दोन दिवे गेलेल्या खांबाखाली लॉब, म्हणजे उंच उडवलेला चेंडू, दिसत नाही.

पायरी ३: संघांची स्पर्धा घ्या

वैयक्तिक एकेरीची बाद फेरी आखायला सोपी, पण तिचा निर्दयपणा बघा. ३२ जणांच्या ड्रॉमध्ये (कोण कुणाशी खेळणार त्या तक्त्यात) ३१ सामने होतात आणि पहिल्याच फेरीत १६ जण घरी. वर्धापनदिनाला ही रचना शोभत नाही. क्लब विरुद्ध क्लब अशी संघांची साखळी घेतली की कुणीच लवकर बाहेर पडत नाही, आणि एकटा हरलेला माणूस संघासाठी दुपारी पुन्हा ओरडायला हजर असतो.

मला पटलेली रचना अशी. आठ क्लब, प्रत्येकी तीन पुरुष, तीन महिला. चार-चार क्लबचे दोन गट. गटात प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो, म्हणजे गटामागे सहा लढती, दोन गटांच्या बारा. चौथ्या दिवशी दोन्ही गटांतले पहिले एकमेकांशी, दुसरे दुसऱ्यांशी, असं शेवटपर्यंत. आणखी चार लढती. एकूण सोळा. प्रत्येक क्लबला चार दिवसांत चार लढती, रोज एक, शेवटच्या क्लबलासुद्धा. लढतीत पाच सामने: पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी, मिश्र दुहेरी. सोळा पंचे ऐंशी. ९६ मध्ये बसतात, वर सोळा उरतात. त्यांत ज्येष्ठांची दुहेरी किंवा सोबत आलेल्यांची गंमत-स्पर्धा होते.

हीच रचना बारा क्लबना लावून बघा. चार-चारचे तीन गट, गटातल्या अठरा लढती, क्रमवारीच्या सहा, एकूण चोवीस. त्याचे १२० सामने. नाही बसत. बारा क्लब बोलवायचे तर लढत तीन सामन्यांची करा, म्हणजे ७२ होतील, किंवा आणखी कोर्ट मिळवा. 'बघू, होईल काहीतरी' हे उत्तर नाही.

दिवसाची मांडणीही नीट होते. एका लढतीला तीन कोर्ट द्या. पहिल्या खाचेत पुरुष एकेरी, महिला एकेरी आणि पुरुष दुहेरी एकदम सुरू होतात. एकेरी खेळलेले दोघे थोडे सुस्तावेपर्यंत महिला दुहेरी चालू होते आणि त्यानंतर तेच दोघे मिश्र दुहेरीला उतरू शकतात. तिसरं कोर्ट लांबलेल्या सामन्यासाठी मोकळं. साधारण तीन तासांत लढत संपते. सकाळी दोन, दुपारी दोन. संघातले सहाही जण रोज खेळतात आणि २-२ झाल्यावर मिश्र दुहेरीभोवती जी गर्दी जमते, ती अंतिम सामन्यालाही जमत नाही.

नियमपत्रकात दोन वाक्यं न विसरता घाला. एक, ३-० झाल्यावरही उरलेले सामने खेळवले जातील. दोन, गटात बरोबरी झाली तर काय? दोन संघ बरोबरीत असतील तर आपसातली लढत पाहा. तीन असतील तर आधी जिंकलेल्या सामन्यांची टक्केवारी, मग सेटची, मग गेमची. आणि या गाळणीतून दोनच उरले की पुन्हा आपसातली लढत. हे आधी लिहिलेलं नसेल तर तिसऱ्या संध्याकाळी तीन कर्णधार तीन वेगवेगळी गणितं घेऊन टेबलाशी उभे राहतात, आणि तिघांचंही बरोबर असतं.

अशा मैत्रीच्या लढतींना जुनी परंपरा आहे. टेनिस पत्रकार आर्थर वॉलिस मायर्स यांनी १९२४ साली ब्रिटनमध्ये इंटरनॅशनल लॉन टेनिस क्लब स्थापन केला. पुढे तसेच क्लब इतर देशांत निघाले आणि ते आजही एकमेकांकडे संघ पाठवतात. जाळीपलीकडे हात, समुद्रापलीकडे मैत्री, असं त्यांचं ब्रीद. निमंत्रणपत्राचा सूर काय असावा हे कळत नसेल, तर हे ब्रीद समोर ठेवून लिहा.

पायरी ४: दीड वर्ष आधी सुरू होणारी कागदपत्रं

अठरा महिने आधी: तारखा. आपल्या राष्ट्रीय टेनिस संघटनेचं वेळापत्रक पाहा, तिची मान्यता लागते का ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या. क्रमवारीचे गुण देणारी स्पर्धा करायची असेल तर पंचांपासून बक्षिसांपर्यंत सगळे नियम बदलतात. वर्धापनदिनासाठी मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

वर्षभर आधी: पहिलं निमंत्रण. त्यात पाचच गोष्टी हव्यात: तारखा, कोर्टाचा पृष्ठभाग, संघाची रचना, यजमान काय देणार आणि पाहुण्यांनी काय भरायचं. शेवटच्या दोन मुद्द्यांवर भिडस्तपणा करू नका. 'निवासाची सोय केली जाईल' या वाक्याचा अर्थ एका क्लबने फुकट असा घेतला आणि दुसऱ्याने सवलतीत असा, हे मी पाहिलं आहे. निरोपाच्या रात्री बिलावरून जी शांतता पसरली, ती अजून आठवते. 'किती रात्री, किती खोल्या, पैसे कोण देणार' असं सरळ लिहा.

सहा महिने आधी: नावांची यादी आणि व्हिसासाठी पत्रं. पत्र संघाच्या नावाने देऊन चालत नाही, प्रत्येक माणसाच्या नावाने द्या. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षराचाही फरक नको. पासपोर्ट क्रमांक, येण्या-जाण्याच्या तारखा, राहण्याचा पत्ता, खर्च कोण करणार आणि क्लबच्या एकाच अधिकृत पदाधिकाऱ्याची सही. पाच वेगवेगळ्या सह्यांची पत्रं एकाच कचेरीत पोहोचली की शंका घेतली जाते. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने वैध असेल असा बघायला सांगा. पुष्कळ देश तो आग्रह धरतात. बदली खेळाडूंनाही आताच पत्र द्या, कारण दुखापत व्हिसाच्या रांगेसाठी थांबत नाही.

तीन महिने आधी प्रत्येकाकडून एक पानाचा अर्ज भरून घ्या: ॲलर्जी, चालू औषधं, तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा, प्रवास आणि आरोग्य विम्याचा तपशील, छायाचित्रांना संमती. अठरा वर्षांखालचा खेळाडू असेल तर पालकांची लेखी परवानगी आणि सोबतच्या जबाबदार प्रौढाचं नाव.

पायरी ५: कोण किती पाण्यात, हे ठरवणं

दोन समान गट पाडायचे तर ताकदीचा अंदाज हवा, आणि प्रत्येक देशाची मोजपट्टी वेगळी. आंतरराष्ट्रीय महासंघाचा वर्ल्ड टेनिस नंबर ४० पासून १ पर्यंत उतरतो: ४० म्हणजे नवखा, १ म्हणजे अव्वल व्यावसायिक. एकेरी आणि दुहेरीसाठी तो वेगळा असतो. यूटीआर ही दुसरी मोजपट्टी, तिचा आकडा उलट चढतो, १ पासून १६.५० पर्यंत. अमेरिकन क्लबांमध्ये १.० ते ७.० अशी एनटीआरपीची श्रेणी चालते.

या चढ-उतारातच फजिती लपलेली असते. आम्ही एकदा सगळे आकडे एकाच तक्त्यात भरले, रकाना मोठ्याकडून लहानाकडे लावला आणि मानांकनं जाहीर करून टाकली. अग्रमानांकित म्हणून ज्या गृहस्थांचं नाव सगळ्यात वर झळकलं, त्यांनी सहा महिन्यांपूर्वीच रॅकेट हातात धरली होती. ते स्वतः खूष होते. कात्रण फ्रेम करून घेतो म्हणाले.

एक पद्धत निवडा, ज्यांच्याकडे ती नाही त्यांच्या कर्णधाराला विचारा: 'तुमचा पहिला खेळाडू अमक्या पातळीच्या माणसाशी खेळला तर काय होईल?' उत्तर बऱ्याचदा प्रामाणिक येतं. मग सर्वांत तगडे दोन क्लब वेगवेगळ्या गटांत टाका, पुढचे दोनही तसेच आणि उरलेल्या चारांच्या चिठ्ठ्या काढा. यजमान क्लबला सोपा गट 'लागला' असं वाटू द्यायचं नसेल तर चिठ्ठ्या पाहुण्या मुलांकडून, सगळ्यांसमोर काढा.

वैयक्तिक ड्रॉ करायचाच असेल तर

काही क्लबना एकेरीचा चषकही हवा असतो. समजा, २४ नावं आली. ड्रॉ नेहमी दुपटीने चढतो, ८, १६, ३२ असा; म्हणून ३२ ओळींचा ड्रॉ घ्या, ८ जागा रिकाम्या म्हणजे आठ जणांना पहिली फेरी न खेळताच पुढे चाल. ३२ च्या ड्रॉला आठ मानांकनं. पहिला मानांकित ओळ १ वर, दुसरा ३२ वर. तिसरा आणि चौथा यांच्यात चिठ्ठी: एक ९ वर, एक २४ वर. पाच ते आठ यांच्यात चिठ्ठी: ८, १६, १७ आणि २५. पुढे चाल मानांकितांना क्रमाने द्यायची, म्हणजे इथे आठही जण निभावतात. मग उरलेले सोळा वरून खाली, चिठ्ठी निघेल तसे. एकाच क्लबचे दोघे पहिल्या फेरीत भिडू नयेत अशी सवलत देता येते, पण ती चिठ्ठ्या काढण्याआधी जाहीर झालेली हवी.

पहिला सामना हरलेल्यांची वेगळी स्पर्धा मुख्य स्पर्धेइतक्याच काळजीने लावा. तिला 'हरलेल्यांचा ड्रॉ' म्हणू नका. संस्थापकांपैकी कुणाचं तरी नाव द्या. वर्धापनदिनाचा तेवढा उपयोग व्हावा.

पायरी ६: कोर्ट, जाळी, चेंडू

रेषा नव्याने आखल्या असतील तर टेप घेऊन स्वतः मोजा. लांबी २३.७७ मीटर, एकेरीची रुंदी ८.२३, दुहेरीची १०.९७. जाळी खांबांपाशी १.०७ मीटर, मध्यावर ०.९१४. मधला पट्टा रोज सैल होतो, म्हणून ९१.४ सेंटिमीटरची एक काठी कापून रेफरीच्या टेबलाला टेकवून ठेवा आणि रोज सकाळी सहाही जाळ्यांना लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

हमखास विसरतात त्या सिंगल्स स्टिक. दुहेरीच्या जाळीवर एकेरी खेळताना एकेरीच्या बाजूच्या रेषेपासून ०.९१४ मीटर बाहेर, जाळीखाली १.०७ मीटर उंचीच्या दोन काठ्या उभ्या कराव्या लागतात. त्या नसल्या तर एकेरीच्या रेषेपाशी जाळी असायला हवी त्यापेक्षा खाली राहते, आणि रेषेलगत फटके मारणारा पाहुणा ते पहिल्याच गेममध्ये ओळखतो. आपल्या रचनेत एकाच कोर्टावर एकेरीनंतर मिश्र दुहेरी येते, म्हणजे काठ्या लावणं-काढणं सतत. प्रत्येक जोडी कोर्टाच्या क्रमांकाने रंगवून ठेवा.

चेंडू एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे आणि शक्यतो एकाच खेपेतले घ्या. प्रत्येक सामन्याला नवा डबा. ९६ सामने म्हणजे ९६ डबे, वर वीस-पंचवीस जास्तीचे. तुमचं ठिकाण समुद्रसपाटीपासून १,२१९ मीटरच्या वर असेल तर उंचावरच्या खेळासाठीचे वेगळे चेंडू मिळतात, ते मागवा. साधा चेंडू तिथे विरळ हवेत सुसाट पळतो. कोणते चेंडू वापरणार ते पाहुण्यांना दोन महिने आधी कळवा, म्हणजे ते त्यांवर सराव करून येतील.

मातीचं कोर्ट असेल तर एक गोष्ट शिकवावी लागेल. हार्ड कोर्टवर वाढलेला खेळाडू सामना संपला की पिशवी उचलतो आणि चालू लागतो. कोर्ट झाडायचं असतं हे त्याला माहीतच नसतं. दारापाशी ब्रश टांगा, शेजारी एक चित्र लावा: बाहेरच्या कडेने सुरुवात, गोल गोल फिरत मध्याकडे, शेवटी रेषा. निमंत्रणासोबतच बुटांचा तळ कसा हवा तेही लिहा. खोल खाचांचे बूट घालून एक जण जरी उतरला तरी संध्याकाळपर्यंत बेसलाइनमागे चर पडलेला असतो.

रॅकेटच्या तारा ओढणारा माणूस चारही दिवस जागेवर हवा. प्रवासात आधीच सैल झालेल्या तारा पहिल्या दिवशी तुटतात, म्हणजे तुटतातच.

पायरी ७: पंचाविना सामने, आठ भाषांत

ऐंशी सामन्यांना खुर्चीवर पंच बसवणं शक्य नाही. एक अनुभवी रेफरी आणि कोर्टांभोवती फिरणारे दोन-तीन सहायक पुरे. बाकी निर्णय खेळाडूंचे. त्यासाठी एक पानाचं पत्रक करा आणि प्रत्येक कोर्टावर लटकवा.

जाळीच्या आपल्या बाजूचा निर्णय आपण द्यायचा. शंका असेल तर चेंडू आत, म्हणजे गुण समोरच्याचा. रेषेला चाटला तरी आत. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक पहिल्या सर्व्हिसआधी गुणसंख्या मोठ्याने सांगायची. भाषेचा प्रश्न खुणांनी सोडवा: तर्जनी वर म्हणजे बाहेर, पालथा तळवा जमिनीकडे म्हणजे आत. मातीवर 'बाहेर' म्हणणाऱ्याला खूण दाखवता आली पाहिजे, आणि ज्याने खूण पायाने पुसली त्याने निर्णय सोडला असं समजतात. खूण कोणती यावर एकमत होत नसेल तर खेळ थांबवून रेफरी. प्रेक्षकांतल्या कुणालाही विचारायचं नाही. यजमान क्लबच्या सचिवाला तर नाहीच.

वेळेचे आकडेही त्याच पत्रकावर: वॉर्म-अप ५ मिनिटं, बाजू बदलताना ९० सेकंद, सेट संपल्यावर १२० सेकंद, दोन गुणांमध्ये २५ सेकंद. प्रत्येक सेटच्या पहिल्या गेमनंतर बाजू बदलायची, पण बसायचं नाही. सामना पुकारल्यावर १५ मिनिटांत जो येणार नाही, त्याच्या प्रतिस्पर्ध्याला विजय. हा शेवटचा नियम पहिल्याच सकाळी, शक्यतो यजमान क्लबच्या खेळाडूला लावा. पुढचे तीन दिवस सगळे वेळेवर येतात.

पायरी ८: पाऊस, ऊन, वीज

पावसाचा आराखडा कोरड्या दिवशी लिहायचा असतो. पहिली पायरी: छोटे सेट, चार गेमचे, ४-४ ला टायब्रेक. दुसरी: एकच सेट. तिसरी: नुसता १० गुणांचा मॅच टायब्रेक. एका फेरीतले सगळे सामने एकाच प्रकाराने व्हावेत. केव्हा कोणती पायरी उतरायची हे फक्त रेफरी ठरवेल, अध्यक्ष नव्हे. अध्यक्षांना हे बैठकीत सांगून त्यांची मान्यता इतिवृत्तात नोंदवा. ऐन वेळी उपयोगी पडते. जवळपास छताखालची कोर्ट असतील तर दोन आधीच राखून ठेवा.

विजेचा कडकडाट ऐकू आला, चमकणं आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असलं, की सगळे कोर्टाबाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत नाही. धातूचं कुंपण आणि दिव्यांचे खांब यांच्यामध्ये उभं राहून 'हा गेम संपवतो' म्हणणारा कुणीतरी निघतोच. त्याला हाताला धरून आणा.

उन्हाचं माप थर्मामीटरवर घेऊ नका. आर्द्रता, थेट ऊन आणि वारा यांचाही विचार करणारा डब्ल्यूबीजीटी निर्देशांक घ्या, त्याचं हातात मावणारं यंत्र मिळतं. व्यावसायिक टेनिसमध्ये ३०.१ अंशांना विश्रांतीच्या सवलती सुरू होतात आणि ३२.२ च्या वर खेळ थांबतो. क्लबच्या खेळाडूंचं सरासरी वय बघता तुम्ही आणखी अलीकडेच थांबलात तर कुणी नावं ठेवणार नाही. त्याच कारणाने हृदयाला शॉक देणारं एईडी यंत्र कोर्टाजवळ, कुलपाबाहेर हवं. हृदय बंद पडल्यावर मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. कार्यालयाची किल्ली शोधायला लागतात त्याहून जास्त मिनिटं. यंत्र वापरायला शिकलेला एक माणूस प्रत्येक सत्रात हजर असेल असा तक्ता करा.

पायरी ९: आता समारंभ

उद्घाटन वीस मिनिटं. संघांना यजमान देशाच्या वर्णमालेनुसार बोलवा, यजमान शेवटी. प्रत्येक ध्वज टांगण्याआधी त्या देशाच्या खेळाडूकडून तपासून घ्या, कारण उलटा लागलेला ध्वज छायाचित्रात कायमचा राहतो. नावांचे उच्चार निवेदकाने आदल्या दिवशी कर्णधारांकडून ऐकून आपल्या लिपीत लिहून घ्यावेत. राष्ट्रगीतं वाजवू नका. आठ गीतं म्हणजे पाव तासाहून थोडंच कमी, आणि खेळाडूंचे वॉर्म-अप झालेले पाय पुन्हा थंड.

वर्धापनदिनाचा खरा रंग भरतो तो एका लहान सामन्यात. क्लबचे सर्वांत जुने चार सदस्य, लाकडी रॅकेट, पांढरे चेंडू, एकच छोटा सेट. पिवळा चेंडू नियमांत आला १९७२ मध्ये, टीव्हीवर नीट दिसावा म्हणून. विम्बल्डनने तो १९८६ पर्यंत लांबवला. म्हणजे या चौघांचं निम्मं टेनिस पांढऱ्या चेंडूवरच झालेलं असतं. लाकडी रॅकेटच्या तारा आधी बदलून घ्या आणि चौकट तडकलेली नाही ना ते बघा. पहिल्याच व्हॉलीला जो 'टक्' असा बसका आवाज येतो, तो ऐकून पलीकडच्या कोर्टावरचे तरुण खेळ थांबवून बघायला येतात.

बक्षीस म्हणून रोख रक्कम नको. परतीच्या सामानात मावेल, वजनाला हलकं असेल आणि सुरक्षा तपासणीत अडणार नाही असं काहीतरी द्या. संगमरवरी पायाचे भलेमोठे चषक विमानतळाच्या कचरापेटीशेजारी ठेवून गेलेले मी पाहिले आहेत.

स्पर्धा संपल्यावर

निकालांचं संपूर्ण पत्रक चोवीस तासांच्या आत सगळ्या कर्णधारांना जावं. घरी पोहोचताच ते आपापल्या क्लबच्या फलकावर लावतात. हिशेब महिनाभरात बंद करा, नाहीतर वर्षभर चालतो. ड्रॉचे मूळ कागद, स्वाक्षऱ्या केलेली गुणपत्रकं आणि दिवसवार लिहिलेली रेफरीची वही एका जाड पाकिटात घालून तारीख टाका. पुढच्या महोत्सवाच्या समितीला तिच्या पहिल्या बैठकीत बोधचिन्हापेक्षा ते पाकीट जास्त लागेल.

आणि हरवलेल्या वस्तूंची पेटी. त्यात किमान तीन टोप्या, एक चार्जर, एक डावा बूट आणि गुडघ्याचा पट्टा सापडेल. सगळ्यांची छायाचित्रं काढून कर्णधारांना पाठवा. पट्ट्याचा मालक सापडतो. बुटाचा अजून सापडलेला नाही.